काचेवरचा ओरखडा

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. नळ खाली अंगणात, खोली तिसऱ्या मजल्यावर, मधे एकसष्ट पायऱ्या. पाणी साडेपाचपर्यंत. चार खेपा, एका खेपेला दोन बादल्या. म्हणजे दोनशे चव्वेचाळीस पायऱ्या भरल्या हातांनी चढायच्या, तेवढ्याच रिकाम्या हातांनी उतरायच्या, आणि मग कामाला निघायचं. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. पुढे एकदा त्या जिन्यावरून जड ओझं उतरवायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी पायऱ्या मोजल्या आणि बाकीचं आपोआप कळलं.

साडेसहाला ती प्रयोगशाळेच्या मागच्या दारात हजर असायची. साहेब लोक दहाला येत. काप कापणाऱ्या बायकांना लवकर यावं लागे ते मेणामुळे. झाडाच्या फांदीचा बारीक तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा तो ठोकळा मशीनला लावायचा, आणि चाक फिरवत सुरीवर त्याचे काप काढायचे. काप इतका पातळ की जोरात श्वास सोडला तरी उडून जाईल. ऊन वर आलं की मेण मऊ पडतं आणि काप सुरकुततो. म्हणून अवघड काम सकाळच्या गारव्यात. साहेब येऊन टोपी खुंटीला लावेपर्यंत खालच्या बायकांचं दिवसाचं खरं काम उरकलेलं असे. वरच्या मजल्यावर समज असा होता की या बायका नुसत्या बसून असतात.

मी त्याच इमारतीत तळाच्या वर्कशॉपमध्ये होतो. मशीनचे स्क्रू, मायक्रोस्कोपचे चाप, दारांच्या कड्या, काहीही. पण मुख्य काम सुऱ्यांना धार लावायचं. एका सुरीला पाऊण तास लागतो. आधी जाड दगड, मग बारीक दगड, मग चामड्याच्या पट्ट्यावर शंभर हात. नव्वदावर थांबलं तर कापात केसाएवढी रेघ उमटते. ती रेघ इतर कोणाला दिसत नसे. तिला दिसे.

"दादा, आज कंटाळा आला होता का?" एवढंच म्हणायची आणि सुरी माझ्यासमोर परत ठेवायची.

"शंभर हात मारलेत, बाई."

"मग दहा अजून मारा. माझ्या नावावर."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी कामचोरी पकडणारं माणूस ते एकच.

सगळे तिला डावरी म्हणत, डाव्या हाताची म्हणून. हजेरीच्या वहीत तिचं वेगळं नाव होतं. ते पगाराच्या दिवशी बाहेर यायचं आणि परत वहीत जायचं.

काप विभाग म्हणजे एक लांबट खोली. सहा मशीन, सहा बायका, सहा स्टुलं. स्टुलांना पाठ नव्हती. पाठ टेकली की हात ढिला पडतो, असं पूर्वी कोणीतरी साहेब बोलून गेला होता आणि तो नियम होऊन बसला. बोलणारा स्वतः हातांच्या खुर्चीत बसायचा.

या खोलीच्या प्रमुख होत्या थोरल्या बाई. त्या शास्त्राची पदवी घेऊन इथं आल्या होत्या, अख्ख्या तुकडीत दुसरा नंबर काढून. तेव्हाच्या संचालकांनी त्यांना सांगितलं, वरच्या मजल्यावर बायकांसाठी वेगळी सोय नाही, सध्या खाली बसा. खालीही सोय नव्हतीच. पहिली दोन वर्षं त्या समोरच्या शाळेत जाऊन यायच्या, तिथल्या शिक्षिकांच्या मेहेरबानीनं. त्यांचं ते 'सध्या' तेहतीस वर्षं चाललं. सुरी कशी धरायची, काप कसा वाचायचा हे ज्या पोरांना त्यांनी शिकवलं ती पोरं वर जाऊन साहेब झाली, आणि जाता-येता मान डोलवू लागली. बाईंचं नाव छापून यायचं ते लेखाच्या शेवटी, आभारात. तेही जागा उरली तर.

डावरी अठराव्या वर्षी काचा धुवायला लागली. वर्षभरात थोरल्या बाईंनी तिला मशीनवर बसवलं. पहिल्याच दिवशी ती उजव्या हातानं कुंचला धरून काप उचलायला धडपडत होती. बाईंनी विचारलं, "डावखुरी आहेस ना?"

"हो. पण इथं सगळ्या उजव्यानं करतात."

"सगळ्या उजव्या आहेत म्हणून. तू उजव्यानं केलंस तर निम्मं लक्ष हाताकडे जाईल. कापाकडे कोण बघणार, मी?"

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यासाठी काम नीट समजून घ्यायला हवं. थोडक्यात सांगतो.

त्या काळात फळबागांत एक रोग पसरला होता. कलम केलेली रोपं दुसऱ्या वर्षी आतून काळी पडून मरायची. रोग खोडात कुठून शिरतो, खालून मातीतून की वरून, हे शोधायचं होतं. मेलेल्या रोपाच्या खोडाचा पेराएवढा तुकडा यायचा. त्याची दोन्ही टोकं दिसायला सारखीच, म्हणून वरच्या टोकाला दोरा बांधलेला असे. कापायला सुरुवात नेहमी दोऱ्याच्या बाजूनं. एका तुकड्याचे पाचशे काप. त्यातला दर पंचविसावा घ्यायचा, बाकीचे टाकायचे, आणि असे वीस काप ओळीनं एका काचेवर मांडायचे. मोजण्यात एक चुकला तर तुकडा वाया. मग काच रंगात बुडवायची. रोगट भाग गडद होतो. ओळीत कुठल्या टोकाला गडद जास्त, ते बघितलं की रोग कुठून आला ते कळतं.

बाकीच्या बायका काप डावीकडून उजवीकडे मांडत. डावरी उजवीकडून डावीकडे मांडायची. तिचा हात डावा. तिनं डावीकडून सुरुवात केली असती तर मांडलेल्या ओल्या कापांवरून तिची बाही फिरली असती. ओली काच फिरवायचीही नाही, काप सरकतात. मांडली तशीच उचलून तबकात ठेवायची. थोरल्या बाईंनी यावर साधा उपाय काढला. डावरीनं जिथून सुरुवात केली त्या टोकाला हिऱ्याच्या पेन्सिलनं एक बारीक ओरखडा काढायचा. इतरांच्या काचेला नावाचा कागद डावीकडे लागे. डावरीच्या काचेला तो ओरखड्याच्या टोकाला लावायचा. वर गेल्यावर कागद डावीकडे धरला की ओळ आपोआप सरळ. कागद बाई स्वतः चिकटवत. असं अकरा वर्षं चाललं आणि कधी घोळ झाला नाही.

रोगाचं काम आलं तेव्हा बाईंनी ते एकट्या डावरीकडे दिलं. तिच्याइतका पातळ आणि सारखा काप इतर कोणाचा निघत नसे. वर्षभरात सत्तर काचा झाल्या आणि बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. हुकूम आला की यापुढे कागद वर कारकून लावेल, खालच्यांनी फक्त काचा पाठवाव्यात. कारकून नवा. त्याला नियम माहीत, कागद डावीकडे. ओरखडा त्याला कोणी सांगितला नाही. डावरीनंही नाही. ती धरून चालली की आपली खूण या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षं ज्या गोष्टीबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही, ती सांगायची असते हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत तिनं चारशे बारा काचा वर पाठवल्या. म्हणजे दोन लाख सहा हजार काप. चाकाचा प्रत्येक फेरा तिच्या खांद्यातून गेलेला. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. चालताना दिसायचा.

घरी ती आणि तिची आत्या. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलं. आत्याचे गुडघे गेले आणि ती तिसऱ्या मजल्यावर अडकली ती अडकलीच. चार वर्षांत एकदाही खाली उतरली नव्हती. दिवसभर खिडकीत. मी एकदा कुलूप दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा म्हणाली, "या, या. चार वर्षं मी लोकांची टकलंच बघतेय. तोंड असलेला माणूस आला, बरं वाटलं."

"आत्या, अगं, ओळखीच्यांना तरी टकलं म्हणू नकोस," डावरी आतून म्हणाली.

"ओळखतेच की. ते दोन वाजता जातं ना, मागून पिकलेलं, ते तुझ्या साहेबाचं."

तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. दहा बाय बारा, दाराशी एक पायरी. घरमालकाची अट एकच. भाडेकरूची नोकरी कायम असली पाहिजे, तसं पत्र पाहिजे. डावरी चौदा वर्षं हंगामी होती. त्या वर्षी पहिल्यांदा तिचा कायम करण्याचा कागद वर गेला. मोठ्या साहेबांची सही झाली की झालं. मालकानं महिनाभर खोली धरून ठेवायचं कबूल केलं. आत्यानं आताच खाटेची जागा ठरवली होती, दाराच्या तोंडाशी. "येणाऱ्या-जाणाऱ्यानं मला ओलांडूनच गेलं पाहिजे," म्हणायची.

त्याच महिन्यात मोठ्या साहेबांचा रोगाबद्दलचा निकाल छापून आला. व्हरांड्यातल्या फळ्यावर पत्रक लागलं. रोग मातीतून वर चढतो. बागाईतदारांनी रोपवाटिकेतली हातभर माती काढून टाकावी आणि नवी भरावी.

आमच्या आवारात रोपवाटिकेचे अकरा वाफे होते. सुरुवात तिथूनच झाली. पाच माणसं लागली. एका वाफ्याला दोन दिवस. म्हातारा माळी दुपारी माझ्याकडे कुदळीला धार लावायला आला आणि जमिनीवर आडवाच झाला.

"सापडला का रोग?" मी विचारलं.

"माझी कंबर सापडली. इतकी वर्षं कुठं होती माहीत नव्हतं." मग डोळे मिटून म्हणाला, "असे अकरा वाफे. आणि पत्रक तर सगळीकडे गेलंय म्हणे. गावोगाव माणसं खणत असतील."

डावरी सुरी घ्यायला आली होती. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"काका, मातीतून येतो असं लिहिलंय?" तिनं विचारलं.

"फळ्यावर मोठ्या अक्षरात."

तिनं सुरी घेतली आणि निघाली. पण तिच्या भिंगाखाली काचा रोज जात होत्या, आणि गडद काप नेहमी सुरुवातीला असतात हे तिनं पाहिलं होतं. सुरुवात म्हणजे दोऱ्याचं टोक. दोऱ्याचं टोक म्हणजे वरचं. तिला वाटलं, साहेबांकडे इतर पुरावे असतील, मोठे मायक्रोस्कोप असतील, आपण काय बोलणार.

चार दिवसांनी एक काच दुरुस्तीला खाली आली. वरचं पातळ झाकण तडकलं होतं. ती काच तिनं उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिली. मग माझ्याकडे आली. बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला आधी काही लक्षात आलं नाही.

"दादा, ओरखडा कुठल्या टोकाला आहे?"

"उजव्या."

"कागद?"

"डाव्या."

ती वर्कशॉपमधल्या लाकडाच्या ठोकळ्यावर बसली. त्याआधी मी तिला कामाच्या वेळेत बसलेलं फक्त मशीनवर पाहिलं होतं.

"एवढी एकच असेल," मी म्हणालो.

"एकच असती तर निकाल असा आला नसता."

मला जे सुचलं ते मी बोललो. शहाणपणाचंच होतं. "बाई, तुमचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. सही होऊ दे. दोन आठवडे. मग सांगा."

"अडीच वाफे झालेत. उरलेले साडेआठही दोन-अडीच आठवड्यांत खणतील."

"खणू देत. मेहनतीनं कोणी मरत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय हे? शंभर हात मारून झाल्यावर कोणी सांगितलं की सुरी उलटी धरली होती, तर?"

मी हातातला पट्टा खुंटीला लावला. 

पण नुसतं तोंडानं सांगून वर कोणी ऐकणार नव्हतं. तिनं माळ्याकडून बारा रोगट रोपं मागून घेतली. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला, अर्ध्यापर्यंत, न धुतली जाणारी काळी शाई फासली. आता कागद कुठेही लावा, काच कशीही धरा, शाईची कड दिसली की ते वरचं टोक. हे बारा तुकडे तिनं रोजच्या कामाच्या आधी कापले. म्हणजे साडेसहाऐवजी साडेपाचला कामावर, म्हणजे पाणी भरायला पावणेचारला उठून अंगणातल्या टाकीतून, घागर बुडवून. नळ तेव्हा सुरू नसे. मेणात बसवणं, कापणं, रंगवणं, सगळं धरून नऊ दिवस गेले. मी तिच्यासाठी दोन सुऱ्या वेगळ्या ठेवल्या. पट्ट्यावर दीडशे हात. मागितले नव्हते.

त्या नऊ दिवसांत ती रोज दुपारी कचेरीत शिपायाला विचारून यायची, सही झाली का. नाही. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद दुसऱ्या कागदाखाली. मला माहीत होतं ती मनात काय म्हणत असेल. आज झाली तर उद्या निर्धास्त वर जाईन. माळ्याची माणसं तोवर आठव्या वाफ्यात होती.

दहाव्या दिवशी सकाळी तिनं बारा काचा तबकात ठेवल्या आणि जिना चढायला लागली. मी वर साहेबांच्या खोलीत मायक्रोस्कोपचा चाप बसवत होतो, म्हणून पुढचं मी पाहिलं.

दारात कारकुनानं अडवलं. "काप विभागाच्या बायकांनी वर यायचं नसतं. तबक द्या, मी ठेवतो."

"काच वर येते. मी का नाही?"

"तसा नियम आहे."

"नियम कुठं लिहिलाय ते दाखवा, तोवर मी इथं उभी राहते."

कारकून खरंच शोधायला गेला. ती आत आली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी मान वर केली आणि त्यांना वाटलं ती सहीसाठी आली आहे. "तुमचा कागद आहे हो, आज-उद्या करतो," असं म्हणून त्यांनी त्या ढिगाकडे हातही नेला.

मी चाप तसाच धरून उभा राहिलो. तिला फक्त 'बरं साहेब' म्हणायचं होतं. संध्याकाळी येऊन काचा दाखवता आल्या असत्या.

"कागदासाठी नाही आले," ती म्हणाली. "या काचा आधी बघा. शाई आहे ते वरचं टोक. मी स्वतः लावलीय, तुकडा रोपावरून काढायच्या आधी."

साहेबांनी पहिली काच बघितली. दुसरी बघितली. तिसरीपासून त्यांनी उठून खुर्ची जवळ ओढली. बाराही बघून झाल्या. प्रत्येक काचेत गडद भाग शाईच्या बाजूला होता. मातीच्या नाही, कलम बांधायला सुरीनं छेद दिला होता त्या बाजूला.

मग तिनं ओरखडा दाखवला, कागद दाखवला, आणि झालं ते सांगितलं. चार वाक्यांत.

"किती काचा?" साहेबांनी विचारलं.

"चारशे बारा."

"सगळ्या उलट?"

"सगळ्या. थोरल्या बाई गेल्यानंतरच्या. त्यांच्या वेळच्या सत्तर सरळ आहेत."

साहेब खुर्चीत मागे टेकले. वाईट माणूस नव्हता. चार वर्षांचं काम त्याच्या टेबलावर उताणं पडलं होतं आणि तो थकलेला होता. शेवटी म्हणाले, "त्या सत्तर मी मोजणीतून काढल्या. बाकीच्यांशी जुळत नव्हत्या. जुन्या बाईंचं काम कच्चं, म्हणून रद्द, असं मी लिहिलंय. छापलंय."

तोवर ती शांत होती. हे ऐकून तिचा चेहरा बदलला.

"त्यांचं काम कच्चं नव्हतं," ती म्हणाली.

"हं."

"साहेब, ते तुम्हाला परत छापावं लागेल. त्यांचं काम कच्चं नव्हतं."

साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं हा प्रश्न त्यांच्या तोंडून सवयीनं आला. "पण तुम्ही सगळ्यांसारखं डावीकडून का मांडत नाही?"

कारकून तेवढ्यात नियमाची फाईल घेऊन आला. त्यात तसा नियम नव्हता. पण प्रश्नाचं उत्तर न देताच ती खाली गेली, कारण अकरा वाजून गेले होते आणि तिचा रोजचा ठोकळा मशीनवर मऊ पडत होता.

खणणं त्याच दुपारी थांबलं. साडेसात वाफे झाले होते. माळ्यानं कुदळ टाकली आणि विचारलं, "मग आता भरायचं का परत?" कोणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यानं जेवण उघडलं. सहा महिन्यांत नवं पत्रक निघालं. कलमाची सुरी दर छेदाआधी उकळत्या पाण्यात बुडवावी. एवढंच. दुसऱ्या वर्षी रोपं मेली नाहीत. बागाईतदारांनी साहेबांना पत्रं पाठवली, ती फळ्यावर लागली.

दुरुस्त केलेला निकाल छापून आला त्यात साहेबांचं नाव होतं. शेवटी आभार होते, 'काप विभागातील मदतनिसांचे'. नाव कोणाचंच नाही. पण आधीच्या लेखातला 'रद्द' शब्द मागे घेतल्याचं एक वाक्य त्यात होतं. तो अंक घेऊन डावरी रविवारी थोरल्या बाईंकडे गेली. मला सोबत नेलं, कारण त्यांची शिवणयंत्राची पट्टी तुटली होती. बाईंना आता कमी दिसायचं. डावरीनं वाचून दाखवलं.

"रद्द काढलंय?" बाईंनी विचारलं.

"काढलंय."

"अजून एकदा वाच ते वाक्य."

तिनं वाचलं.

"तुझा कागद?"

डावरीनं अंक मिटला. "परत आला."

कागदावर शेरा होता. मांडणीची पद्धत प्रचलित नियमास धरून नाही, पुढील निरीक्षणानंतर विचार व्हावा. हा शेरा साहेबांचा की वरच्या कचेरीचा, कधी कळलं नाही. सही साहेबांची होती. ती मात्र वेळेवर झाली.

थोरल्या बाई मला म्हणाल्या, "पट्टी बसली का हो?" मी म्हटलं बसली. चहा झाला. आम्ही निघालो. रस्त्यात तिनं मला एकदाच विचारलं, "दादा, तुम्ही म्हणाला होता तसं दोन आठवडे थांबले असते तर?"

"तीन वाफे अजून खणले असते," मी म्हणालो. "साडेतीन."

तिनं मान हलवली आणि विषय संपला.

त्याआधीच मालकानं दिलेला महिना संपून तळमजल्याची खोली एका बँकेच्या शिपायाला गेली होती. आत्यानं ते वरून पाहिलं, त्याचं सामान आत जाताना. "टक्कल आहे," एवढंच म्हणाली.

पुढील निरीक्षण पाच वर्षं चाललं. त्या काळात डावरीला डावीकडून मांडावं लागलं. तिनं बाही कोपरापर्यंत दुमडून, मनगट उचलून धरून, तसं मांडायला शिकून घेतलं. एका काचेला पूर्वीपेक्षा नऊ मिनिटं जास्त लागत. ती नऊ मिनिटं ती जेवणाच्या सुट्टीतून काढायची. काप पूर्वीइतकेच चांगले निघायचे. तरी ओरखडा ती काढतच राहिली, आता डाव्या टोकाला, कागदाखाली. कोणाला दिसत नसे. मी एकदा विचारलं, आता कशाला. म्हणाली, "राहू द्या. मला कळतं सुरुवात कुठं होती."

साहेब बदलले. कारकून बदलला. कायमचं पत्र आलं तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. तोच बँकेचा शिपाई बदली होऊन गेला, आणि खोली पुन्हा रिकामी झाली. या वेळी पत्र तिच्या हातात होतं. मालकानं ते दोनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि किल्ली दिली.

आत्याला खाली आणायला मी आणि माळी गेलो. तिला खुर्चीत बसवलं, खुर्चीला दोन बांबू बांधले. माळ्याची कंबर पुढे, मी मागे. नऊ वर्षांनी आत्या जिना उतरत होती आणि वाटभर बोलत होती.

"हळू! अंडी नाहीत, माणूस आहे."

"आत्या, अंडी हलकी असतात," माळी म्हणाला.

"तू पुढे बघ. पडलास तर तुझ्यावर पडेन, आणि मी मऊ नाही."

मी पायऱ्या मोजत होतो. तीसला थांबलो, पंचेचाळीसला थांबलो. एकसष्टला खाली टेकलो आणि भिंतीला धरून उभा राहिलो. तेव्हा मला त्या बादल्या आठवल्या. डावरी मागून गादी आणि दोन डबे घेऊन उतरत होती. तिला धाप लागली नव्हती.

खाट दाराच्या तोंडाशीच लागली. आत्या तिथं एक वर्ष आणि सात महिने राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती तोंड वर करायला लावायची आणि मग नाव विचारायची. शेवटच्या महिन्यात नावं विसरायला लागली, पण विचारणं सोडलं नाही.

डावरीच्या पगारातून शेवटी आली ती ही खोली. दहा बाय बारा, उत्तरेला खिडकी, दाराशी एक पायरी. नळ आता दहा पावलांवर होता. तरी निवृत्तीपर्यंत ती पावणेपाचलाच उठायची, आणि पाणी भरून झाल्यावर उरलेला पाऊण तास त्या एका पायरीवर बसून राहायची.